पिलांच्या खोक्यावरील नाव आणि खोक्यातील जात

बियाण्याची पिशवी विकत घेताना आपला शेतकरी आता पुष्कळ सावध झाला आहे. पिशवी उलटसुलट करून तो वाणाचे नाव, उगवणशक्ती आणि मुदत पाहतो, पावती मागून घेतो आणि पेरणी आटोपल्यावरही रिकामी पिशवी व तिचे लेबल जपून ठेवतो. १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर अशी माहिती देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले, त्यातून ही सवय लागली. परंतु तोच शेतकरी त्याच कृषी सेवा केंद्रातून कोंबडीची पिले घेऊ लागला की ही सारी सावधगिरी दुकानाबाहेर राहते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर पेनने 'कडकनाथ ५०' असे लिहिलेले असते. तेवढ्या दोन शब्दांवर तो पैसे मोजतो, खोके मोटारसायकलला बांधतो आणि घरी येतो. खोक्यात नेमके काय आहे हे त्यास दोन-अडीच महिन्यांनी कळू लागते. तोवर खाद्याची पोती संपलेली असतात, आणि पावती मुळात घेतलेलीच नसते.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडे याविषयीच्या तक्रारी वारंवार येतात. पिले मेली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यास काय सांगावे हे आपणांस ठाऊक असते. पिले उत्तम वाढली, पण ती सांगितलेल्या जातीची नव्हेत, अशी तक्रार घेऊन कोणी आला तर मात्र आपण गोंधळतो. सबब या विषयाची थोडी बैठक प्रथम नीट घालून घेणे इष्ट होय.

नावांचे तीन प्रकार

दुकानात पिलांची जी नावे ऐकू येतात ती सर्व एकाच प्रकारची नसतात. काही नावे खरोखर जातींची आहेत. कडकनाथ, असील, आपल्या नंदुरबार भागात व लगतच्या गुजरातेत आढळणारी बुसरा, अथवा परदेशातून आलेल्या ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट लेगहॉर्न आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या जाती होत. जात म्हणजे असा कळप, की ज्यातील नर व मादी एकत्र ठेवले असता पिले आईबापांसारखीच निपजतात.

दुसरी नावे संकरित अथवा सुधारित पक्ष्यांची आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेले वनराज व ग्रामप्रिया ही त्यांची परिचित उदाहरणे. हे पक्षी परसातल्या पालनास चांगले आहेत, यात वाद नाही. मात्र त्यांच्या अंड्यांतून घरी पिले काढली तर ती आईबापांच्या बरोबरीची निघत नाहीत. रंग, वजन व अंड्यांचे प्रमाण यांत फाटे फुटतात. त्यांची पिले दर खेपेस मूळ केंद्राकडूनच आणावी लागतात. 'वनराजची घरची पिले' असे म्हणून जो विकतो, तो बहुधा खोटे बोलत नसतो. पण ती पिले वनराज नव्हेत, एवढे घेणाऱ्याने समजून असावे.

तिसरे नाव 'गावरान'. हे जातीचे नावच नव्हे. पंचवार्षिक योजनांच्या आरंभीच्या काळात व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या जातींचे नर खेडोपाडी वाटण्यात आले. तेव्हापासून आपल्या उकिरड्यावरील कोंबड्यांत किती रक्त कोठले हे सांगणे कठीण झाले आहे. त्यामुळे 'शुद्ध गावरान' या शब्दाने विक्रेता कशाचीही हमी देत नाही. हळू वाढणारी रंगीत मांसल पिले या नावाने सर्रास विकली जातात. ती वजनाने भराभर भरतात म्हणून घेणारा प्रथम खूष होतो; पुढे त्यांतली एकही कोंबडी खुडूक बसत नाही, तेव्हा त्याला शंका येऊ लागते. ज्यास खरी गावठी कोंबडी हवी असेल, त्याने ती दुकानात न शोधता शेजारच्या गावी शोधावी. जिच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत अशा घरच्या कारभारणीकडून खुडूक कोंबडी व तिच्याखाली घालावयाची अंडी घ्यावीत. हा मार्ग स्वस्तही आहे.

गफलत कोठे होते

प्रत्येक वेळी दुकानदारच लबाड असतो, असे मानणे न्यायाचे होणार नाही. पिले दुकानात तयार होत नाहीत. उबवणी केंद्राकडून दलाल, दलालाकडून टेम्पोवाला आणि टेम्पोवाल्याकडून दुकानदार असा त्यांचा प्रवास असतो. उबवणी यंत्रात निरनिराळ्या कळपांची अंडी शेजारशेजारच्या ट्रेंत असतात. पिले बाहेर पडण्याच्या दिवशी एखादा ट्रे इकडचा तिकडे झाला तर एका खोक्यात दोन जाती येतात. खोक्यावरची चिठ्ठी प्रवासात गळून पडते, आणि मग दुकानदार रंग पाहून नाव देतो. काळे दिसले ते कडकनाथ, तांबडे दिसले ते आरआयआर आणि पट्ट्यापट्ट्यांचे दिसले ते गावरान.

याहून खोलवरची गफलत पैदाशीच्या कळपातच झालेली असते. कोंबडीच्या अंगात नराचे बीज बरेच दिवस जिवंत राहते. नर बदलला तरी साधारण दोन आठवडे, आणि क्वचित त्याहून अधिक काळ, आधीच्या नराची पिले निपजू शकतात. ज्याच्या आवारात दोन-तीन जाती एकत्र फिरतात, अथवा ज्याने नर बदलल्यावर तीन ते चार आठवडे न थांबता अंडी यंत्रात घातली, त्याची पिले मिश्र असणारच. त्याने ती कोणत्याही नावाने विकली तरी त्यात फरक पडत नाही.

आणि काही ठिकाणी सरळसरळ फसवणूक असते. तिच्याकडे पुढे येऊ.

एक दिवसाचे पिलू काय सांगू शकते

या बाबतीत एक गोष्ट मनाशी पक्की करावी. एक दिवसाच्या पिलाच्या लवेवरून त्याची जात सिद्ध करता येत नाही. फार तर एखादे नाव खोटे ठरवता येते. एवढा उपयोग लहान नाही, कारण खोके दुकानाबाहेर नेण्यापूर्वी तो होतो.

व्हाइट लेगहॉर्नचे पिलू पिवळे असते. ऱ्होड आयलंड रेडचे पिलू तांबूस, गंजासारख्या रंगाचे असते. ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्पचे पिलू पाठीवर काळे आणि गळा, पोट व पंखांची टोके यांवर पिवळट पांढरे असते. ज्या कोंबड्यांचा रंग रानकोंबड्यासारखा असतो, त्यांच्या पिलांच्या पाठीवर खारीसारखे गडद पट्टे असतात, आणि आपल्या गावठी कोंबड्यांत अशी पिले पुष्कळ निघतात. उघड्या मानेच्या कोंबडीचे पिलू जन्मतःच मानेवर लव नसलेले असते. त्यासाठी वाट पाहावी लागत नाही. असीलचा तुरा वाटाण्याच्या शेंगेतील दाण्यांसारखा बसका असतो. पिलाच्या चोचीच्या मुळाशी बोट फिरवून नीट पाहिले असता त्याची ठेवण उमगू शकते. मात्र हा गुण प्रभावी असल्याने असीलच्या संकरातही बसका तुरा येतो, हे विसरू नये.

आता ही लक्षणे उलट बाजूने वापरावीत. आरआयआर म्हणून दिलेल्या खोक्यात निम्मी पिले स्वच्छ पिवळी असतील, तर ती आरआयआर नव्हेत. गावरान म्हणून दिलेली शंभरच्या शंभर पिले एकाच रंगाची, एकाच आकाराची असतील, तर ती कोणत्या तरी व्यापारी कळपाची असण्याचा संभव मोठा आहे. गावठी कळपात इतकी एकसारखी पिले निघत नाहीत. परंतु खोक्यातील सर्व पिले तांबूस आहेत, एवढ्यावरून ती शुद्ध आरआयआर आहेत असा निष्कर्ष मात्र काढू नये. तांबूस पिले देणारे संकर पुष्कळ आहेत.

कडकनाथ: अधिक भाव, अधिक सावधगिरी

सर्वांत अधिक तक्रारी कडकनाथाविषयी येतात, आणि त्याचे कारण उघड आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या भागांतील भिल्ल समाजाने जोपासलेली ही जात. तिला तेथे कालामासी असेही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर मागणी एकदम वाढली. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. ते मानांकन त्या प्रदेशातील कडकनाथाच्या मांसास आहे. महाराष्ट्रातील एखाद्या दुकानात पिलांच्या खोक्यावर 'मानांकनप्राप्त' असे लिहिलेले असले, तर त्याने पिलाच्या शुद्धतेविषयी काहीही ठरत नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ पालनाच्या करारांत पैसे गुंतवलेल्या अनेक शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत दिल्या. तो प्रकार पिले देऊन पक्षी व अंडी परत विकत घेण्याच्या आश्वासनाचा होता आणि जातीच्या शुद्धतेहून तो वेगळा. तथापि नावाच्या लौकिकावर माणूस किती पटकन पैसे सोडतो, हे त्यावरून दिसून येते.

आता थोडा हिशेब करू. बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथाविषयी दिलेले आकडे असे आहेत: मादी वर्षास सुमारे १०५ अंडी देते, त्यांतील सुमारे ५५ टक्के फलित असतात आणि फलित अंड्यांपैकी सुमारे ५२ टक्के उबतात. म्हणजे १०५ अंड्यांतून ५८ फलित आणि त्यांतून ३० पिले. एका मादीमागे वर्षास तीस पिले. उत्तम निगा राखणाऱ्याकडे हे प्रमाण दुप्पट धरले, तरी साठ. एखादा विक्रेता दर आठवड्यास पाचशे कडकनाथ पिले बाराही महिने देतो असे सांगत असेल, तर वर्षाची पिले झाली २६,०००. दुप्पट प्रमाण धरूनही त्याच्याकडे सव्वाचारशेहून अधिक माद्या असावयास हव्यात. त्या कोठे आहेत, असे त्यास विचारावे. जो दाखवण्यास तयार होतो त्याच्याकडून माल घ्यावा. जो निरनिराळी कारणे सांगतो, त्याच्या खोक्यातील पिले कोठून येतात याचा विचार आपण करावा.

कडकनाथाच्या नावाखाली बहुधा दोन प्रकारचे पक्षी गळ्यात पडतात. एक ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प किंवा त्याचा संकर, आणि दुसरा खऱ्या कडकनाथाचा अन्य कोंबड्यांशी झालेला संकर.

पहिला प्रकार ओळखणे सोपे आहे, फक्त पिलू हातात घेण्याची तसदी घ्यावी लागते. कडकनाथाचे पिलू निळसर ते काळे असून पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. त्याची चोच, पायाच्या नळ्या, बोटे आणि तळवेसुद्धा पाटीच्या दगडासारखे करडे असतात. ऑस्ट्रेलॉर्पच्या नळ्याही गडद असतात, त्यामुळे नुसते पाय पाहणारा फसतो. पिलू उलटे करून तळवा पाहावा. ऑस्ट्रेलॉर्पचा तळवा फिकट, पांढरट गुलाबी असतो. पोटावरील लवेवर हळूच फुंकर घालावी आणि खालची कातडी पाहावी. ऑस्ट्रेलॉर्पची कातडी पांढरी, कडकनाथाची काळसर. चोच अलगद उघडून जीभ पाहावी. दहा पिलांची अशी तपासणी करण्यास पाच मिनिटे पुरतात. दुकानदारास ती आवडली नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरा प्रकार अवघड आहे. मांस व कातडी काळी करणारा कडकनाथाचा गुण प्रभावी आहे. परंतु कातडीतील हा काळा रंग दाबून टाकणारा एक दुसरा गुण कित्येक जातींत असतो आणि तो लिंगाशी जोडलेला असतो. ऱ्होड आयलंड रेडसारख्या पिवळ्या नळ्यांच्या जातींत तो सापडतो. कडकनाथाचा नर आणि आरआयआरची मादी यांची पिले काढली तर एक चमत्कार दिसतो: मादी पिले बहुधा गडद कातडीची आणि नर पिले फिकट. उलट आरआयआरचा नर आणि कडकनाथाची मादी असेल, तर दोन्ही फिकट. ऑस्ट्रेलॉर्पमध्ये हा दाबणारा गुण नसल्याने त्याच्याशी केलेल्या संकरात नर व मादी दोन्ही काळपट निघू शकतात. थोडक्यात, काळी कातडी पाहून त्या पिलाचे कडकनाथाशी नाते आहे एवढे म्हणता येते. ते शुद्ध आहे असे म्हणता येत नाही. एका खेपेतील तलंगा काळ्याभोर आणि कोंबडे मात्र तुऱ्याने लालसर, नळ्यांनी फिकट असे दिसू लागले, की संकर झाला आहे हे जवळजवळ नक्की समजावे.

अंड्यावरून फसू नये आणि उगाच भांडूही नये. कडकनाथाचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी असते. 'अंडे काळे नाही म्हणजे कोंबडी नकली' असे समजून चांगल्या विक्रेत्याशी वाद घातल्याची उदाहरणेही प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. तसेच अस्सल कडकनाथातही काळाभोर, पेन्सिलीच्या रेघांसारखा आणि सोनेरी झाक असलेला असे पिसांचे तीन रंग आढळतात. मानेवर सोनेरी अथवा पांढुरक्या रेघा दिसल्या म्हणून तो संकर ठरत नाही.

एका गावच्या महिला बचत गटाचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. गटाने कर्जाच्या रकमेतून कडकनाथाची शंभर पिले बाजारपेठेच्या गावातील एका दुकानातून आणली. पिले काळी होती, चलाख होती, मरही फारशी झाली नाही. अडीच महिन्यांच्या सुमारास कोंबड्यांचे तुरे आणि चोचीखालचे लोंबते पदर लालभडक झाले. गटातील एका वयस्क बाईंनी प्रथम ओळखले, की हे कडकनाथ नव्हेत. दुकानदाराकडे गेल्यावर त्याने दलालाकडे बोट दाखविले. दलालाचा फोन लागेना. पावती नव्हती. गटाने कडकनाथाच्या मांसाचा भाव धरून जो हिशेब मांडला होता तो कोलमडला, आणि हप्ता तर भरावयाचाच होता. तेव्हा गटाने एक शहाणपणाची गोष्ट केली. पक्षी ऑस्ट्रेलॉर्पच्या वळणाचे आहेत हे समजून घेऊन नर साधे कोंबडे म्हणून विकून टाकले आणि तलंगा अंड्यांसाठी ठेवल्या. या कोंबड्या अंडी देण्यात कडकनाथापेक्षा पुष्कळ सरस असतात. नुकसान सारे भरून निघाले नाही, पण हप्ते चुकले नाहीत. विशेष हे, की 'एवढे काळे आहेत तर कडकनाथ म्हणूनच विका' असा सल्ला देणारे गावात दोघे-तिघे भेटले होते, आणि गटाने तो मानला नाही.

नर पिले व रंगविलेली पिले

अंडी देणाऱ्या व्यापारी जातींच्या उबवणीत निम्मी पिले नर निघतात. ती अंडी देत नाहीत आणि त्यांचे मांस वाढीस परवडत नाही, म्हणून उबवणी केंद्रे ती अगदी अल्प किमतीत काढून टाकतात. आठवड्याच्या बाजारात गुलाबी, हिरवी, जांभळी पिले टोपलीत दिसतात ती बहुतेक हीच. पोरांच्या हौसेसाठी कोणी हिरवे पिलू घेतले तर त्यास कोणी फसवले असे म्हणता येत नाही. पण तपकिरी आणि काळा रंगही मिळतो, आणि तो लावलेले पिलू गावरान म्हणून विकले जाते, तेव्हा गोष्ट निराळी होते. पांढरा फडका कोमट पाण्यात भिजवून पिलाच्या पाठीवरून दोन-तीनदा फिरवावा. रंग फडक्यास लागतो. तसे झाले नाही तरी लव बोटाने उलटी करून मुळाशी पाहावी. लावलेला रंग टोकाशी गडद आणि मुळाशी फिका असतो. आणि पंखांची खरी पिसे फुटू लागली की ती पांढरी येतात, तेव्हा संशयास जागाच राहत नाही.

'सर्व माद्याच आहेत' या शब्दावरही विसंबू नये. एक दिवसाच्या पिलाचा गुदभाग पाहून नर-मादी ओळखणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, आणि मोठी केंद्रे ते अंडी देणाऱ्या व्यापारी जातींसाठी करून घेतात. पंखांच्या पिसांच्या लांबीवरून ओळखण्याची पद्धत त्यासाठीच घडविलेल्या वाणांत चालते. तपकिरी अंडी देणाऱ्या काही संकरांत मादी तांबूस व नर पिवळट असा रंगाचा भेद असतो. गावरान, कडकनाथ अथवा असील यांच्या पिलांत यांपैकी शेवटच्या दोन्ही युक्त्या कामाच्या नाहीत. पिलू पायांनी उलटे धरून ते मान वर उचलते की नाही हे पाहणे, दोऱ्याला अंगठी बांधून ती पिलावर फिरवणे, हे सर्व करमणुकीचे प्रकार होत.

न निवडलेल्या शंभर पिलांत नर साधारण चाळीस ते साठ असणे स्वाभाविक आहे. पंचावन्न कोंबडे निघाले म्हणून तक्रार करू नये. ऐंशी निघाले, तर मात्र माद्या आधीच कोणी तरी काढून घेतल्या आहेत असे खुशाल समजावे.

पावती, फोटो आणि नोंद

बियाण्याच्या पिशवीसारखा कायद्याचा छाप पिलांच्या खोक्यावर नसल्याने तो आपणच पावतीच्या रूपाने उमटवून घ्यावा. पावतीवर जातीचे पूर्ण नाव, पिले कोणत्या उबवणी केंद्रातील, उबल्याची तारीख, संख्या, न निवडलेली की माद्या, आणि मॅरेक्स रोगाची लस टोचली आहे की नाही, एवढे लिहून घ्यावे. 'काळी पिले ५० नग' अशी पावती कुचकामाची होय. दुकानदार जातीचे नाव लिहिण्यास कचरत असेल, तर त्याला स्वतःलाच आपल्या मालाची खात्री नाही. खोके व त्यावरील चिठ्ठी फेकू नये.

आज घरोघरी मोबाइल आहे, त्याचा येथे उपयोग करावा. पिले आणल्या दिवशी खोक्यासह, नंतर तीस दिवसांनी, साठ दिवसांनी आणि नव्वद दिवसांनी, तुरा, नळ्या व तळवे दिसतील असे फोटो काढून ठेवावेत. पुढे वाद निघाला तर 'तुम्हीच पिले बदलली' हा आक्षेप पहिला येतो. त्यास हे फोटो उत्तर देतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांना पक्षी दाखवून त्यांचे लेखी मत घेतले, तर आणखी चांगले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा अशा प्रसंगी उपयोगी पडतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालास तो सामान्यतः लागू होत नाही. परंतु स्वयंरोजगाराने केवळ आपला उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेला माल त्या अपवादात मोडत नाही. परसात पन्नास-शंभर कोंबड्या पाळणाऱ्याने 'माझा धंदा आहे, मला कायदा नाही' असे समजून गप्प बसू नये. प्रथम दुकानदारास लेखी कळवावे. त्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, अथवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. अनुभव असा आहे, की चोख पावती व फोटो समोर ठेवले की बहुतेक दुकानदार तेवढ्यावरच तडजोडीस येतात.

शक्य असेल तेथे मधली माणसे वगळावीत हे उत्तम. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची अंडी उबवणी केंद्रे आणि मुंबईत आरे येथील केंद्र शासनाची कुक्कुट विकास संस्था यांच्याकडे आगाऊ नोंदणी करावी. पिले मिळण्यास वाट पाहावी लागते, हे खरे. गावातील पाच-सहा जणांनी मिळून मागणी केली तर एक माणूस जाऊन सर्वांची पिले आणू शकतो. आणि कोणत्याही नव्या विक्रेत्याकडून पहिल्या वर्षी पंचवीसच घ्यावीत. पाचशे घेण्यास पुढचे वर्ष आहेच.

चुकीचे पक्षी घरात आल्यावर

निराळ्या जातीचे पक्षी निघाले म्हणून ते निकामी ठरत नाहीत. परंतु ज्या नावाने आणले त्या नावाप्रमाणे त्यांना वागवणे थांबवावे. लेगहॉर्नच्या वळणाची कोंबडी गावठी समजून मोकळी सोडली तर पांढऱ्या रंगामुळे घारीच्या नजरेत चटकन भरते, आणि उकिरड्यावर वेचून तिचे भागत नाही; तिला बंदिस्त जागा व पुरते खाद्य द्यावे, म्हणजे ती अंडी देईल. मांसल रंगीत पक्षी निघाले असतील, तर ते अंड्यांच्या आशेने सहा महिने पोसण्यात तोटा आहे. योग्य वजन भरताच विकावेत. संकरित कोंबड्या खुडूक बसत नाहीत असे दिसले, तर पुढील पिलांसाठी गावठी कोंबडीची सोय आधीच करून ठेवावी.

खरी काळजी पैदाशीची घ्यावयाची आहे. संशयित नर कळपात राहिला, तर या वर्षीची चूक पुढील वर्षी सबंध गावात पसरते. कारण आपल्याकडे अंडी शेजारी-पाजारी उबवण्यासाठी मागून नेली जातात. यासाठी निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या पिलांच्या बोटांमधील पातळ पडद्यास पहिल्या दिवशी बारीक छिद्र पाडून खूण करावी. डाव्या पायाच्या आतल्या पडद्यास छिद्र म्हणजे एका दुकानाची खेप, उजव्या पायास म्हणजे दुसऱ्याची. खुणेचा अर्थ वहीत लिहून ठेवावा. यासाठीचा चिमटा स्वस्त मिळतो, आणि गावासाठी एक असला तरी पुरतो. तो कार्यकर्त्याने आपल्याकडे ठेवावा. जे नर संशयास्पद ठरतील ते वेगळे काढून विकावेत. त्यानंतर कळपातील अंडी खाण्यास अथवा बाजारात न्यावीत, पण निदान तीन, शक्य तर चार आठवडे उबवण्यासाठी कोणास देऊ नयेत.